शाळेची सुरक्षितता : पहिली दहा मिनिटे कोणाची?

बडोद्याला शाळेचे महत्त्व पटवून देण्याची आवश्यकता नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानाला लागू केला. त्यानंतर एका शतकाहून अधिक काळाने, १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाचा शिक्षणाचा हक्क देशभर कायद्याने अमलात आला. या इतिहासाचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु या सक्तीची आणि या हक्काची एक दुसरीही बाजू आहे. समाज जेव्हा आईबापांना सांगतो की तुमचे मूल शाळेत पाठविलेच पाहिजे, तेव्हा ते मूल सायंकाळी धडधाकट घरी परत येईल याची हमीही तो आपोआपच देत असतो. ही हमी आपण खरोखर पाळतो काय, हा या लेखाचा विषय आहे.

विषय आपत्ती-व्यवस्थापनाचा, आणि लेखक मात्र वैद्यकीय व्यवसायातला, याचे काहींना नवल वाटेल. त्याचे कारण एका अनुभवात आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या आरोग्य-तपासणी शिबिरासाठी शहरातील एका सार्वजनिक प्राथमिक शाळेत जाण्याचा योग आला. तपासणी आटोपल्यावर चहा घेताना भिंतीवर टांगलेल्या लाल अग्निशामक नळकांड्याकडे सहज लक्ष गेले. ते कोणाला वापरता येते, असे विचारले, तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी प्रांजळपणे सांगितले, "डॉक्टरसाहेब, ते तपासणीसाठी लावलेले आहे. उघडून कोणी पाहिलेले नाही." मागच्या बाजूचे दार कुलूपबंद होते. त्याची किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई चार दिवसांच्या रजेवर होता. प्रथमोपचार पेटी कपाटात होती, कपाटालाही कुलूप होते, आणि पेटीतील औषधांची मुदत केव्हाच संपून गेली होती.

हे सर्व पाहून आम्ही डॉक्टर मंडळी नाके मुरडणार, तोच बाईंनी शांतपणे एक प्रश्न विचारला. "तुम्ही दरवर्षी येता, मुलांची वजने-उंची घेता, दात पाहता. परंतु एखाद्या मुलाला वर्गात आकडी आली, तर तुम्ही किंवा रुग्णवाहिका येईपर्यंत मी काय करावे, हे आजवर कोणी सांगितलेले नाही."

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आपण रुग्णालयात सज्ज बसलेले असतो. पण अपघात घडल्यापासूनची पहिली पाच-दहा मिनिटे आपली नसतातच. ती वर्गशिक्षिकेची असतात, शिपायाची असतात, स्वयंपाक करणाऱ्या बाईंची असतात. बालकाचे प्राण पुष्कळदा त्याच मिनिटांत वाचतात किंवा जातात. बाईंच्या त्या प्रश्नामुळेच या विषयाचा पुढील विचार झाला.

घडून गेलेल्या घटना काय शिकवितात?

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागली. वरच्या मजल्यावरील छप्पर झावळ्यांचे होते. ते पाहता पाहता पेटले. जिना अरुंद होता आणि एकाच इमारतीत अनेक शाळांचे वर्ग दाटीवाटीने भरत होते. ९४ बालके मृत्युमुखी पडली. पेटते छप्पर, एकच वाट आणि त्या वाटेने बाहेर पडण्याचा सराव नसलेली लहान मुले, या तीन गोष्टी एकत्र आल्या.

गुजरातच्या स्मरणातून २६ जानेवारी २००१ कधीच जाणार नाही. सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भूकंप झाला. अंजार गावात प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे कोसळली आणि १८५ विद्यार्थी व २० शिक्षक त्याखाली गाडले गेले. त्या दिवशी सुट्टी असल्याने वर्ग भरले नव्हते. राज्यातील हजारो वर्गखोल्या त्या भूकंपात कोसळल्या अथवा निकामी झाल्या. तोच धक्का एखाद्या सामान्य कामाच्या दिवशी दोन तासांनी बसता, तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

१६ जुलै ही तारीख पुन्हा एकदा दुर्दैवी ठरली. २०१३ साली त्याच दिवशी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी मध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. तेलाच्या वासाविषयी आणि भाजीच्या चवीविषयी तक्रार झाली होती, परंतु ती कोणी मनावर घेतली नाही, हे नंतर उघडकीस आले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळातील वायनाड जिल्ह्यात, सुलतान बत्तेरी येथील शाळेत, पाचवीतल्या एका मुलीला वर्गातच साप चावला. वर्गाच्या भिंतीशी बीळ होते. तिला रुग्णालयात नेण्यास विलंब झाला आणि ती वाचली नाही.

आणि आपल्या बडोद्यात, १८ जानेवारी २०२४ रोजी, हरणी तलावावर शाळेच्या सहलीची होडी उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. होडीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे नव्हती.

आग, भूकंप, विष, सर्प आणि पाणी ही पाच संकटे एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत. तरीही त्यांत एक साम्य आढळते. भूकंप कोणाला टाळता येत नाही हे खरे. परंतु अरुंद गल्लीतील फेरी, कुजट तेल, भिंतीतले बीळ, जास्तीची माणसे भरलेली होडी, यांपैकी प्रत्येक गोष्ट आदल्या दिवशी कोणाच्या तरी डोळ्यांसमोर होती. ती धोक्याची आहे, असे म्हणण्याची सवय आणि अधिकार मात्र कोणाला नव्हता. सुरक्षिततेचा आरंभ यंत्रसामग्रीपासून नव्हे, तर या सवयीपासून होतो.

कायदा काय म्हणतो?

कुंभकोणमच्या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. शाळेत अग्निशमनाची साधने असावीत, ती वापरण्याचे शिक्षण शिक्षक व कर्मचाऱ्यांना द्यावे, इमारत राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार सुरक्षित असल्याची खातरजमा व्हावी, असे आदेश त्यात आहेत. गुजरातने २००३ सालीच आपत्ती-व्यवस्थापनाचा कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य होय. केंद्राचा कायदा २००५ साली आला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली शाळा-सुरक्षेविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि शिक्षण मंत्रालयाने २०२१ साली शाळा-व्यवस्थापनाची उत्तरदायित्वे निश्चित केली.

सारांश, कागदावर उणीव फारशी नाही. उणीव आहे ती कागद आणि कुलपाची किल्ली यांच्यामधल्या अंतरात.

शाळेची तपासणी : रोग्याप्रमाणेच

आपण रुग्ण तपासताना आधी पाहतो, मग विचारतो, मग हात लावून तपासतो. शाळेचेही तसेच करावे. मुख्याध्यापक, एक शिक्षक, एक पालक, वरच्या वर्गातील दोन विद्यार्थी आणि शक्य झाल्यास एक डॉक्टर, अशा पाच-सहा जणांनी हातात वही घेऊन शाळेला एक फेरी मारावी. विद्यार्थी अवश्य असावेत. कोणता जिना पावसात निसरडा होतो आणि कोणत्या भिंतीत साप दिसला होता, हे मोठ्यांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते.

वर्गात : जड कपाटे भिंतीला पक्की बसविलेली आहेत काय? भूकंपात छतापेक्षाही कपाट, पंखा, फोटो आणि खिडकीची काच यांनी होणाऱ्या इजा पुष्कळ असतात. दार बाहेरच्या बाजूस उघडते काय? आत उघडणारे दार पन्नास मुलांच्या लोंढ्याने आपोआप बंद होते, आणि मग ते कोणालाच उघडता येत नाही.

जिन्यावर : राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार शाळेच्या जिन्याची रुंदी किमान १.५ मीटर असावयास हवी. जुन्या इमारतींत ती नसते. इमारत रातोरात पाडता येत नाही. परंतु जिन्याखाली ठेवलेली मोडकी बाके, जुनी दप्तरे आणि रद्दी एका दुपारी हलविता येते. सर्वांत लहान मुलांचे वर्ग तळमजल्यावर आणण्यास तर एक पैसाही लागत नाही.

स्वयंपाकघरात : गॅसची टाकी उभी, मोकळ्या हवेत आणि वर्गांपासून दूर असावी. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. अशा वेळी विजेचे बटण चालू करू नये आणि बंदही करू नये. टाकीचा रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. कीटकनाशके, फिनाइल, ॲसिड यांचा कोणताही डबा स्वयंपाकघराच्या आसपास नसावा, आणि रसायनाच्या रिकाम्या डब्यात खाद्यपदार्थ कधीही भरू नयेत. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखण्याची पद्धत ही औपचारिकता मानू नये. चव विचित्र लागली, तर ते जेवण थांबविण्याचा अधिकार स्वयंपाक करणाऱ्या बाईंनाही असला पाहिजे.

आवारात : उघडी पाण्याची टाकी, विजेच्या लोंबत्या तारा, डगमगते फाटक, भिंतीलगतची झुडपे व बिळे. शाळेला दोन फाटके असतील तर दुसरे फाटक शाळेच्या वेळात कुलूपबंद ठेवू नये. आतून सहज निघेल अशी कडी पुरेशी आहे. कुलूप लावणे अपरिहार्यच असेल, तर किल्ली फाटकाजवळच्या ठरलेल्या खिळ्याला असावी, माणसाच्या खिशात नव्हे.

या फेरीतून तीन याद्या तयार होतात. आजच आणि विनाखर्च करता येईल ते. या सत्रात थोड्या खर्चात करता येईल ते. आणि शासनाकडे वा महापालिकेकडे लेखी मागावयाचे ते. पहिली यादी नेहमी सर्वांत लांब निघते, असा आमचा अनुभव आहे.

घंटा एक, संकटे अनेक

बहुतेक शाळांत एकच सूचना असते : घंटा वाजली की मैदानात पळा. ही समजूत धोक्याची आहे, कारण प्रत्येक संकटाची मागणी वेगळी असते.

आग लागल्यास इमारत सोडावयाची असते. आगीत बहुतेक मृत्यू भाजण्यापेक्षा धुरामुळे होतात. धूर वर जातो, म्हणून धूर असल्यास वाकून किंवा रांगत, नाकावर कापड धरून बाहेर पडावे. कपडे पेटल्यास पळू नये. थांबावे, जमिनीवर पडावे, लोळावे.

भूकंपाच्या वेळी, हादरे चालू असताना, पळावयाचे नसते. बाकाखाली शिरावे, डोके झाकावे, बाकाचा पाय घट्ट धरावा. हादरे थांबल्यानंतर रांगेने बाहेर पडावे आणि मैदानात भिंती, झाडे व तारांपासून दूर थांबावे.

वायुगळतीच्या वेळी बाहेर जाणे हीच चूक ठरू शकते. बडोद्याच्या आसपास नंदेसरी, कोयली अशी रासायनिक उद्योगांची वसाहत आहे, म्हणून हा मुद्दा आपल्यासाठी विशेष. बाहेर क्लोरीन वा अमोनियासारखा वायू पसरला असेल, तर मुलांना वर्गातच ठेवून दारे-खिडक्या बंद कराव्यात, फटींत ओली फडकी बसवावीत, पंखे बंद करावेत आणि प्रशासनाच्या सूचनेची वाट पाहावी.

पुराच्या वेळी मुलांना घरी सोडावे की शाळेतच वरच्या मजल्यावर थांबवावे, हा निर्णय घाईने घेऊ नये. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मि.मी. पाऊस झाला होता, आणि ऑगस्ट २०२४ मध्येही विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले होते. गुडघाभर वाहत्या पाण्यातून, उघड्या गटारांच्या रस्त्याने लहान मुलाला एकटे घरी पाठविण्यापेक्षा शाळेत ठेवणे पुष्कळदा अधिक सुरक्षित असते.

यास्तव किमान दोन भिन्न संकेत ठरवावेत : एक 'बाहेर पडा' यासाठी, दुसरा 'आतच थांबा' यासाठी. वीज जाऊ शकते, म्हणून संकेत विजेच्या घंटेवर अवलंबून नसावा. पितळी टोल किंवा शिट्टी हाताशी असावी. ज्या मुलाला ऐकू येत नाही, जे कुबड्या वापरते, ज्याला गोंगाटाची भीती वाटते, त्याच्यासोबत कोण राहील, हे नावानिशी आधीच ठरलेले असावे.

रंगीत तालीम

मुख्याध्यापिका बाईंच्या त्या प्रश्नानंतर आम्ही काही डॉक्टर पुन्हा त्या शाळेत गेलो आणि सर्वांच्या मदतीने पहिली तालीम घेतली. टोल वाजला. दोन वर्गांच्या रांगा एकाच वळणावर एकमेकींवर आदळल्या. शिक्षकांपैकी दोघांनी दप्तरे घेण्याची परवानगी दिली. मैदानात हजेरी घेतली तेव्हा एक मूल कमी भरले. शोधाशोध केल्यावर कळले की तो मुलगा स्वच्छतागृहात होता. आणि त्याला टोल ऐकू आला असूनही, 'आता वर्गात जाऊन बसावे' असे वाटून तो रिकाम्या वर्गात एकटाच बसला होता. ती खरी आग असती तर? त्या क्षणी उपस्थित मोठ्या माणसांपैकी कोणीही काही बोलले नाही.

तालमीचा हेतू हाच असतो. चूक आज, उजेडात, हसत-खेळत सापडावी. त्या दिवसापासून तेथे प्रत्येक मजल्यासाठी एक 'मागे राहणारा' शिक्षक नेमला गेला. सर्वांत शेवटी स्वच्छतागृह, ग्रंथालय आणि रिकामे वर्ग पाहून मगच त्याने बाहेर पडावयाचे. हजेरीपट सोबत आणणे हे वर्गशिक्षकाचे पहिले काम ठरले.

तालीम किती उपयोगी पडते, याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. चीनच्या सिचुआन प्रांतातील सांगझाओ माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक ये झिपिंग यांनी अनेक वर्षे शासनाकडे पाठपुरावा करून शाळेची कच्ची इमारत मजबूत करून घेतली आणि २००५ पासून प्रत्येक सत्रात बाहेर पडण्याची तालीम घेतली. कोणत्या वर्गाने कोणत्या जिन्याने, किती जणांच्या रांगेने उतरावयाचे हे ठरलेले होते. १२ मे २००८ रोजी प्रचंड भूकंप झाला. त्या प्रांतात असंख्य शाळा कोसळल्या. परंतु या शाळेतील २,२०० हून अधिक विद्यार्थी व शिक्षक १ मिनिट ३६ सेकंदांत मैदानात आले. एकाही मुलाचा प्राण गेला नाही. ये झिपिंग हे काही अभियंते नव्हते, सत्ताधीशही नव्हते. ते एक खेड्यातले मुख्याध्यापक होते.

तालीम सत्रातून किमान एकदा घ्यावी. एकदा पूर्वसूचना देऊन, एकदा न देता, आणि एकदा मधल्या सुट्टीत, जेव्हा मुले वर्गात नसतात. लागलेला वेळ आणि आढळलेल्या चुका वहीत लिहून ठेवाव्यात. अग्निशामक नळकांडेही वर्षातून एकदा प्रत्यक्ष चालवून पाहावे : पिन काढणे, नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखणे, दांडा दाबणे आणि नळी डावीकडून उजवीकडे फिरविणे. लहान नळकांडे अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर रिकामे होते. म्हणजे ते आरंभीच्या छोट्या आगीसाठीच आहे. आग त्यापलीकडे गेली असेल, तर शौर्य न दाखविता मुलांना घेऊन बाहेर पडावे.

शिक्षकाच्या हातातील प्रथमोपचार

आता बाईंच्या मूळ प्रश्नाकडे वळू. खालील गोष्टी शिक्षकांना एका दुपारी शिकविता येतात.

आकडी : मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे आणि घड्याळ पाहावे. दातांत चमचा घालू नये, पाणी पाजू नये, कांदा अथवा चप्पल हुंगवू नये, हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, किंवा शुद्ध येण्यापूर्वी पुन्हा आली, तर १०८ ला बोलवावे.

घशात घास अडकणे : मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. खोकला फुटत नसेल, आवाज निघत नसेल, तर त्याला पुढे वाकवून खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताने पाच ठोसे द्यावेत. मग मागून कवळ घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब द्यावा. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे.

हृदय व श्वास बंद पडणे : मूल प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, असे दिसताच मदत मागवून छातीच्या मधोमध, छातीच्या जाडीच्या एक-तृतीयांश खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावेत. तीस दाबांनंतर दोन श्वास. पाण्यातून काढलेल्या मुलास श्वास देणे विशेष महत्त्वाचे. त्याला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये.

रक्तस्राव : स्वच्छ कापडाने जखमेवर थेट, घट्ट आणि सतत दाब. हळद, चहाची पूड, माती लावू नये. नाकातून रक्त आल्यास डोके मागे न टाकता पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा.

भाजणे : वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावे. बर्फ, टूथपेस्ट, तूप, शाई नको.

सर्पदंश : मुलाला चालू देऊ नये. चावलेला अवयव फळीने बांधून स्थिर ठेवावा. कापू नये, चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये, साप पकडण्यात वेळ घालवू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर एकच बहुगुणी प्रतिविष उपलब्ध आहे. ते जेथे आहे असे रुग्णालय शाळेला आधीच माहीत हवे. 'बहुधा उंदीर असेल' असे म्हणून वाट पाहणे हीच सर्वांत घातक चूक.

एकाच वेळी अनेक मुले आजारी : उलट्या, तोंडातून लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अशी लक्षणे दिसल्यास कीटकनाशकाची शंका घ्यावी. जेवण तत्काळ थांबवावे, उरलेले अन्न फेकू नये, मुलांना ओकारी काढावयास लावू नये आणि १०८ वर मुलांची संख्या सांगावी, म्हणजे रुग्णालयात ॲट्रोपिनची व खाटांची तयारी आधीच होईल.

यांखेरीज दमा, इन्सुलिन घेणारा मधुमेह, अपस्मार, हृदयविकार किंवा तीव्र ॲलर्जी असलेली मुले प्रत्येक शाळेत असतात, आणि पुष्कळदा शिक्षकांना ते माहीत नसते. मधुमेही मुलाला अचानक घाम सुटला, ते बावचळले, तर शुद्धीवर असताना साखर खाऊ घालणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. पण तो करण्यासाठी आधी ठाऊक असावे लागते.

काही शिक्षक मदत करण्यास कचरतात. 'उद्या बरेवाईट झाले तर आळ माझ्यावर' ही भीती खोटी नाही. परंतु रस्ता-अपघातात मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिलेले आहे, आणि सद्भावनेने केलेल्या मदतीस फौजदारी कायद्यातही संरक्षण आहे. हे त्यांना आपण सांगावयास हवे.

संकट टळल्यानंतर

दुर्घटनेनंतर फाटकाशी पालकांचा लोंढा येतो. मूल कोणाच्या हाती सोपविले याची नोंद न ठेवल्यास गोंधळातून नवे संकट उभे राहते. म्हणून एकच फाटक, एकच यादी, सही घेऊनच सुपूर्द करणे, ही शिस्त असावी.

मनावरचा घाव उशिरा दिसतो. मूल रात्री दचकते, अंथरूण ओले करते, शाळेत जाण्यास नकार देते. बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात, मात्र त्यासाठी शाळेचे नित्याचे वेळापत्रक लवकर सुरू व्हावे, आणि मुलाला बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकणारे कोणी असावे. महिन्याभरानंतरही लक्षणे राहिली तर मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. शासनाची १४४१६ ही टेली-मानस सेवा विनामूल्य आहे. शिक्षकांच्या मनाचीही विचारपूस व्हावी. त्यांना सहसा कोणी विचारीत नाही.

आपल्या मंडळाचे कर्तव्य

खासगी शाळांना सल्लागार नेमता येतो. सार्वजनिक शाळेतील मुलाच्या बाजूने उभे राहणारे सहसा कोणी नसते. त्याचे वडील रोजंदारीवर असतात, आई चार घरची कामे करते. शाळेचे मागचे दार का बंद आहे, हे विचारण्याची सवड आणि धिटाई त्यांच्यापाशी नसते. ती आपल्यापाशी आहे. म्हणून मंडळाच्या सभासदांपुढे काही नम्र सूचना ठेवतो.

एका डॉक्टरने एक सार्वजनिक शाळा पत्करावी आणि वर्षातून दोनदा तेथे जावे. एकदा जूनमध्ये, एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर. पहिल्या भेटीत वर सांगितलेली फेरी व तालीम, दुसऱ्या भेटीत तिचा पाठपुरावा. प्रत्येक शाळेतील किमान चार कर्मचाऱ्यांना, त्यांत शिपाई आणि स्वयंपाकी बाई अवश्य, पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव देऊन प्रथमोपचार शिकवावा. प्रत्येक मुलाचे एक कार्ड असावे : रक्तगट, आजार, चालू औषधे, ॲलर्जी, धनुर्वाताची लस, आणि दोन दूरध्वनी क्रमांक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांत तपासणी करतात; त्यांच्या नोंदी या कार्डावर उतरवून घेता येतील. मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली १०८, ११२ आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक ठळक अक्षरांत असावा. प्रथमोपचार पेटी उघड्या फळीवर असावी. तीत जंतुविरहित पट्ट्या, गुंडाळी व त्रिकोणी पट्ट्या, हातमोजे, साबण, कात्री, तापमापक, विजेरी, साखर आणि जलसंजीवनीची पाकिटे पुरेत. गोळ्यांची गर्दी नको. लहान मुलांना ॲस्पिरिन तर देऊच नये.

यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तोही वर्षाकाठी दोन दुपारी.

ज्या शाळेने आम्हाला हा धडा दिला, तेथे आता मागच्या दाराला कुलूप नाही, साधी कडी आहे. गेल्या भेटीत दुसरीतल्या एका मुलीने ती कडी काढून दाखविली. तिचा हात पोहोचावा म्हणून बाईंनी ती मुद्दाम खाली बसवून घेतली आहे. बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. मध्यंतरी चौथीच्या वर्गात एका मुलाला खरोखरच आकडी आली. वर्गशिक्षिकेने त्याला कुशीवर वळविले, घड्याळ पाहिले, बाकीच्या मुलांना व्हरांड्यात बसविले. तीन मिनिटांत आकडी थांबली. "डॉक्टरसाहेब, पूर्वी आम्ही सगळ्याजणी ओरडत सुटलो असतो," त्या म्हणाल्या.

त्या तीन मिनिटांत तेथे कोणीही डॉक्टर नव्हता. असावा लागलाही नाही. आपल्या विद्येचा याहून चांगला उपयोग दुसरा कोणता?